चार हॉस्पिटलांत भूल देताय? मग हिशोब एकाच वहीत ठेवा

तालुक्याच्या गावात किंवा मधल्या शहरात भूल देणारा डॉक्टर एका हॉस्पिटलचा नसतोच. सकाळी एकीकडे सीझर, मग गावाच्या दुसऱ्या टोकाला हर्निया, दुपारी ऑर्थोवाल्यांकडे खुब्याचं फ्रॅक्चर, संध्याकाळी परत कुठून तरी "मॅडम लवकर या, अपेंडिक्स फुटलंय" असा फोन. पेशंट रिकव्हरीत नीट बोलायला लागला, बीपी जागेवर आलं की आपण गाडीत बसतो. पुढं त्याला तिसऱ्या दिवशी डोकं धरून बसावं लागलं, किंवा रात्री दोनला सॅच्युरेशन पडलं म्हणून मोठ्या हॉस्पिटलला हलवला, हे आपल्याला सिस्टर सांगते तेव्हा कळतं, नाहीतर सर्जन पुढच्या केसला सहज बोलून जातो तेव्हा, आणि बऱ्याचदा कळतच नाही.

म्हणून हे लिहितेय. चार-पाच भूलतज्ज्ञ आणि सात-आठ नर्सिंग होम मिळून भुलीची सुरक्षितता आणि पेशंटचं पुढं काय झालं याची नोंद कशी ठेवायची, ते. सगळं महागडं सॉफ्टवेअर न घेता होतं. एकच अट आहे, नोंद हॉस्पिटलची नाही तर ग्रुपची पाहिजे, कारण या सगळ्या ठिकाणी फिरणारे आपणच असतो.

नुसते मृत्यू मोजून काही कळत नाही

कुणालाही विचारा, "तुमच्याकडे भुलीचं रेकॉर्ड कसंय?" उत्तर ठरलेलं, "आमच्याकडे आजपर्यंत एकही प्रॉब्लेम नाही." बरं, नाही तर नाही, पण किती केसेसमध्ये नाही? हा प्रश्न विचारला की गाडी अडते.

एक सोपा नियम आहे, आकडेवारीवाले त्याला तीनाचा नियम म्हणतात. एकूण केसेसमध्ये एकदाही घटना घडली नसेल तर खरा दर जास्तीत जास्त ३ भागिले एकूण केसेस इतका असू शकतो, ९५ टक्के खात्रीने. समजा एका नर्सिंग होममध्ये ६०० केसेस झाल्या आणि एकही मृत्यू नाही. छान वाटतं ऐकायला. पण ३ भागिले ६०० म्हणजे खरा धोका दोनशेत एक इतका वाईट असला तरी तुमच्या वहीत शून्य दिसू शकतं. दोनशेत एक! हा आकडा कुठल्याही ओटीला, म्हणजे ऑपरेशन थिएटरला, परवडणारा नाही. तेव्हा छोट्या जागी शून्य मृत्यू याचा अर्थ 'सगळं ठीक' असा होत नाही, 'अजून सांगता येत नाही' असा होतो.

डब्ल्यूएचओची सर्जिकल चेकलिस्ट २००८ मध्ये आली आणि तिचा जो अभ्यास २००९ च्या जानेवारीत छापून आला तो आठ देशांतल्या आठ हॉस्पिटलांचा होता, त्यात नवी दिल्लीचंही एक होतं. मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले आणि कॉम्प्लिकेशन्स ११ वरून ७ टक्क्यांवर. पण हे दिसायला सात हजारांवर पेशंट लागले, एकट्या हॉस्पिटलात ते दिसलंच नसतं. आठ जागांनी सारखे शब्द वापरून, सारख्या पद्धतीने मोजलं म्हणून दिसलं.

तर धडा असा की एकत्र मोजा, आणि मृत्यूच्या बरेच आधी जे घडतं ते मोजा.

एका केसची एक ओळ

ओटीचं नेहमीचं रजिस्टर उघडून बघा. नाव, वय, ऑपरेशन, सर्जन, भूलतज्ज्ञाची सही, स्पायनल (मणक्यात सुई देऊन खालचा भाग बधिर) की जीए (पूर्ण भूल), आणि शेवटी शेरा, ज्यात एकतर काहीच नसतं नाहीतर 'अनइव्हेंटफुल', म्हणजे विशेष काही घडलं नाही, असं असतं. त्या अनइव्हेंटफुलवर माझा फार विश्वास नाही, कारण तो बऱ्याचदा केस संपायच्या आधीच लिहिलेला असतो.

ग्रुपच्या वहीत एका केसला एकच ओळ, पण ती पुरती भरलेली. हॉस्पिटलचा कोड, केसचा कोड, तारीख, वय, स्त्री की पुरुष, ऑपरेशन, प्लॅन्ड की इमर्जन्सी, एएसए ग्रेड (ऑपरेशनआधी तब्येत किती चांगली-वाईट याचा आकडा), भूल कुठली ठरवली होती आणि कुठली द्यावी लागली, मॉनिटर कुठले लावले होते, घटना घडली का, घडली तर कुठली, पेशंट ओटीतून कुठे गेला, अनपेक्षित हलवला का, २४ तासांनी कसा होता, ३० दिवसांनी कसा होता. बास. याहून जास्त रकाने ठेवले की पहिले पंधरा दिवस उत्साहाने भरतात आणि मग सगळं रिकामं.

उदाहरण म्हणून अशी ओळ असेल: 'हॉस्पिटल ख, केस ११७, वय २६, सीझर, इमर्जन्सी, एएसए २ई, ठरवलं स्पायनल, दिलं स्पायनल मग जीए, ईसीजी बीपी सॅच्युरेशन, कॅपनो नाही, घटना: स्पायनल अर्धवट चढली, वॉर्डात गेली, २४ तास ठीक, ३० दिवस ठीक.' पेशंट आणि बाळ दोघं मस्त घरी गेले, कुणी याला कॉम्प्लिकेशन म्हणणार नाही. पण या एका ओळीत दोन गोष्टी दिसतात, प्लॅन बदलावा लागला आणि श्वासनलिकेत ट्यूब टाकली तेव्हा कॅपनोग्राफ (श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारा मॉनिटर) नव्हता. अशा ओळी दुसऱ्या हॉस्पिटलांतून फारशा येत नाहीत आणि 'ख' मधून सारख्या येतात, हे दिसलं की मग विचारता येतं की तिथं हेवी बुपिव्हाकेनची, म्हणजे स्पायनलच्या औषधाची, कुठली बॅच आहे, अम्प्यूल (काचेच्या कुप्या) कुठं ठेवतात, सुई कुठली वापरतात, की तिथं सर्जनची घाईच इतकी असते की भूल कुठवर चढली ते तपासायला वेळच देत नाहीत.

ज्यांची एनएबीएचची (हॉस्पिटलांच्या दर्जाला मान्यता देणारी संस्था) तयारी चाललीय त्यांना हे नवीन नाही. त्यांच्या आधीच्या यादीत भुलीचे आकडे होतेच: प्लॅन किती वेळा बदलला, भुलीनंतर अनपेक्षित व्हेंटिलेटर किती जणांना लागला, अनिष्ट घटना किती, भुलीशी संबंधित मृत्यू किती. वरच्या ओळीतून हे चारही निघतात, वेगळं काही भरावं लागत नाही.

शब्द आधी ठरवा, नाहीतर सगळं पाण्यात

इथं जरा वेळ घालवा, कारण बाकीचं सगळं यावर उभं आहे. 'बीपी पडलं' याचा अर्थ एकाला ८० च्या खाली, दुसऱ्याला १०० च्या खाली, तिसऱ्याला पेशंट ओकला तेव्हा. मग तीन हॉस्पिटलांच्या आकड्यांची तुलना करून काय उपयोग?

एक संध्याकाळ सगळे बसा आणि एका पानावर लिहून काढा. आमच्या पानासारखं काहीसं: सॅच्युरेशन ९० च्या खाली सलग तीन मिनिटं किंवा जास्त. बीपी, म्हणजे सिस्टोलिक, सीझरमध्ये पहिल्या रीडिंगच्या ८० टक्क्यांच्या खाली, बाकी केसेसमध्ये ९० च्या खाली. अवघड ट्यूब म्हणजे दोनपेक्षा जास्त प्रयत्न किंवा दुसऱ्याला हाक मारावी लागली. स्पायनल फेल म्हणजे ऑपरेशन पुरं करायला जीए द्यावी लागली. औषधाची चूक म्हणजे चुकीचं औषध, चुकीचा डोस किंवा चुकीची जागा, आणि हातात भरलेलं पण टोचायच्या आधी लक्षात आलं तरी ती मोजायची. तुमचे आकडे थोडे वेगळे असले तरी बिघडत नाही, ग्रुपमध्ये सगळ्यांचे सारखे पाहिजेत एवढंच.

ब्रिटनमध्ये भुलीवर मोठमोठे राष्ट्रीय ऑडिट होतात, त्यातलं सातवं २०२३ मध्ये आलं, ऑपरेशनच्या वेळच्या कार्डियाक अरेस्टवर. त्यांनी अरेस्टची व्याख्या काय ठेवली माहितीये का? छातीवर पाच किंवा जास्त दाब दिले, किंवा शॉक दिला. इतकं साधं. 'अरेस्ट झाला असं वाटलं', 'पल्स फीबल होती' असली भानगडच नाही. दाब मोजता येतात, वाटणं मोजता येत नाही. साधारण तीन हजार भुलींमागे एक अरेस्ट असा त्यांचा आकडा आला, आणि व्याख्या पक्की होती म्हणून त्या आकड्याला किंमत आहे.

एएसए ग्रेडचंही तसंच. एकच डायबेटिक काका एका ठिकाणी एएसए २ आणि दुसऱ्या ठिकाणी ३ होतात, भूल देणाऱ्याच्या मूडवर. उदाहरणं भिंतीवर लावा: शुगर कंट्रोलमध्ये असेल तर २, नसेल तर ३. बीएमआय ३० ते ४० असेल तर २, ४० आणि वर ३. एरवी ठणठणीत असलेली गरोदर बाई २, १ नाही. डायलिसिस नियमित चालू असेल तर ३, चुकतंय तर ४. आणि इमर्जन्सी असेल तर पुढे ई लावायचाच, त्याचा कंटाळा करू नका. कारण उद्या तुलना करायची वेळ आली की एका जागी नुसते हर्निया आणि हायड्रोसील, दुसऱ्या जागी रात्री-अपरात्री आलेले पोट फुगलेले पेशंट, आणि दोघांचे आकडे शेजारी ठेवून 'बघा, ते हॉस्पिटल वाईट' म्हणणं हा शुद्ध अन्याय आहे. एएसए १-२ प्लॅन्ड वेगळे, ३ च्या पुढचे वेगळे, इमर्जन्सी वेगळी, असे तीन गठ्ठे केले तरी पुरेसं होतं. फार बारीक गणितात शिरू नका, आपल्या केसेस तेवढ्या नसतात.

मृत्यू कुणाच्या खात्यावर?

यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. सर्जन म्हणतो भुलीने गेला, आपण म्हणतो आधीच शॉकमध्ये होता, फिजिशियन म्हणतो एमआय, म्हणजे हार्ट अटॅक. हे मिटेपर्यंत नोंदच होत नाही. म्हणून नियम असा ठेवा की भूल दिल्यापासून ३० दिवसांत गेलेला प्रत्येक पेशंट वहीत येतो, कारण काहीही असो. कारण नंतर बसून ठरवा, नाही ठरलं तर 'ठरलं नाही' लिहा. आधी मोजा मग भांडा.

दुसरा नियम याहून महत्त्वाचा. मृत्यू जिथं झाला तिथं नाही, भूल जिथं दिली तिथं मोजायचा. आपल्याकडे काय होतं, नर्सिंग होममध्ये पेशंट बिघडला की अँब्युलन्स बोलावून जिल्ह्याच्या नाहीतर मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला हलवतात. हलवायलाच पाहिजे, त्यात चूक काही नाही. पण तो तिथं चौथ्या दिवशी गेला तर मृत्यू लागतो मोठ्या हॉस्पिटलच्या नावावर, आणि नर्सिंग होमचं रजिस्टर स्वच्छच्या स्वच्छ. सरकारी हॉस्पिटलांचे आकडे वाईट दिसतात त्यामागं हेही एक कारण आहे, आणि हे सगळ्यांना माहीत असतं, बोलत कुणी नाही. तेव्हा 'अनपेक्षित हलवला' हा रकाना वहीतला सगळ्यात मोलाचा समजा. हलवलेल्या प्रत्येक पेशंटचा पाठपुरावा ज्याने भूल दिली त्यानेच करायचा, तिथल्या आयसीयूच्या रेसिडेंटला फोन करून. ते बिचारे सांगतात, नीट विचारलं तर.

फोन कसा करायचा

डिस्चार्जनंतरचा हिशोब फोनशिवाय होत नाही. आणि फोनची पहिली अडचण नंबरचीच. केसपेपरवर नंबर असतो तो ज्याने डिपॉझिट भरलं त्याचा. म्हणजे म्हातारी गावात आणि फोन वाजतो पुण्याच्या कंपनीत मुलाच्या खिशात, किंवा बाळंतीण माहेरी आणि नंबर नवऱ्याचा. त्यामुळं ॲडमिशनच्या वेळीच दोन नंबर घ्या, आणि त्यातला एक पेशंट जिथं राहणार आहे तिथल्या माणसाचा. नंतर फोन येईल हे संमतीच्या कागदावरही लिहून घ्या.

दुसरी अडचण प्रश्नाची. "बरंय ना सगळं?" विचारलं की समोरून "हो हो, बरंय" येणारच, आपली माणसं डॉक्टरला तक्रार सांगत नाहीत. म्हणून ज्या सिस्टरला हे काम द्याल तिला नेमके प्रश्न लिहून द्या.

"मावशी, मी हॉस्पिटलमधनं सिस्टर बोलतेय, ऑपरेशन झालं होतं ना तुमचं, त्याबद्दल विचारायचंय. उठून बसलं की डोकं जास्त दुखतं आणि आडवं झालं की कमी होतं, असं होतंय का?"

"दोन्ही पायांत पहिल्यासारखी ताकद आहे का? चालताना चप्पल पायातनं निसटते का?"

"लघवी मोकळी होते का? ताप, मान आखडणं असलं काही?"

जीए दिली असेल तर अजून तीन: "झोप लागायच्या आधीचं शेवटचं काय आठवतं? जाग आल्यावर पहिलं काय आठवतं? मधलं काही आठवतं का?"

हे शेवटचे तीन लोकांना उगाच वाटतात, पण बघा. ऑपरेशन चालू असताना जाग येण्यावर ब्रिटनचं पाचवं ऑडिट २०१४ मध्ये आलं. पेशंटनी आपणहून सांगितलेल्या केसेस धरून आकडा आला सुमारे १९ हजार भुलींत एक. आणि ज्या अभ्यासांत पेशंटला वरच्यासारखे प्रश्न मुद्दाम विचारले तिथं हजारात एक-दोन. एवढा फरक नुसत्या विचारण्याने पडतो! न विचारता 'आमच्याकडे अवेअरनेस नाही' म्हणणं म्हणूनच फार सोपं असतं.

स्पायनलच्या डोकेदुखीसाठी फोन कधी, तर दुसऱ्या दिवशी आणि पाचव्या दिवशी, कारण ती बऱ्याचदा पहिल्या दिवशी नसतेच. मग एकदम तिसाव्या दिवशी. पायातली ताकद गेलेली, लघवी तुंबलेली, ताप आणि मान आखडलेली, यातलं एकही आढळलं की सिस्टरने फोन ठेवून नोंद करत बसायचं नाही, त्याच मिनिटाला भूलतज्ज्ञाला कळवायचं आणि पेशंटला बोलावून घ्यायचं. हे तिच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहा.

कितीजणांना फोन लागला हेही लिहा. शंभरातल्या चाळीस जणांशीच बोलणं झालं असेल तर 'डोकेदुखी फक्त दोघांना' असं सांगू नका, चाळीसात दोन सांगा.

हुकलेल्या (थोडक्यात टळलेल्या) घटना, म्हणजे खरा माल

ओटीच्या ट्रेमध्ये हेवी बुपिव्हाकेनचं अम्प्यूल आणि शेजारी ट्रॅनेक्झाचं, म्हणजे रक्तस्राव कमी करणाऱ्या औषधाचं, अम्प्यूल. दोन्ही काचेची, दोन्ही पाण्यासारखी पारदर्शक, आकार जवळपास सारखा. सीझरची घाई, सिस्टर एक फोडते, आपण सिरिंज भरतो. ट्रॅनेक्झा मणक्यात गेलं की काही मिनिटांत पेशंट पाठ आणि पाय जळतायत म्हणून ओरडते, मग पायांना झटके, मग फिट, मग हार्टची रिदम बिघडते, आणि यातले अनेक पेशंट दगावले आहेत. डब्ल्यूएचओने २०२२ मध्ये यावर जगभर इशारा दिला. उपाय फुकटचा आहे: ट्रॅनेक्झा भुलीच्या ट्रॉलीत ठेवायचंच नाही, जमलं तर ओटीबाहेरच्या कपाटात, आणि स्पायनलचं औषध भरायच्या आधी लेबल दोघांनी मोठ्याने वाचायचं.

आता समजा 'क' हॉस्पिटलमध्ये सिस्टरच्या लक्षात आलं, "मॅडम, हे ट्रॅनेक्झा आहे," आणि अम्प्यूल बाजूला गेलं. पेशंटला काही झालं नाही. रजिस्टरमध्ये काय येणार? अनइव्हेंटफुल. आणि तीच दोन अम्प्यूल 'ग' आणि 'घ' मध्येही शेजारी-शेजारीच बसलीयत. ही एक ओळ ग्रुपला त्याच संध्याकाळी कळली तर सगळीकडचे ट्रे दुसऱ्या दिवशी बदलतात. मृत्यू मोजत बसलात तर हे कळायला एक बाई जावी लागते.

हुकलेल्या घटनेचा कागद अर्ध्या पानाचा ठेवा. काय घडलं, काय घडू शकलं असतं, कशामुळे वाचलो, दुसरीकडे हे होऊ शकतं का. 'कोणाची चूक' हा रकाना ठेवायचा नाही. बोस्टनमध्ये जेफ्री कूपर आणि मंडळींनी १९७८ मध्ये असल्या ३५९ टाळता येण्यासारख्या घटना गोळा केल्या, त्यातल्या ८२ टक्क्यांत माणसाची चूक होती. पण ते लोक माणसं बदलत बसले नाहीत, चूक होणार हे धरून मशीन, नळ्यांची जोडणी, मॉनिटर, ड्युटी बदलताना सांगायची पद्धत याच्या मागे लागले. आणि त्याच्याही शंभरेक वर्षं आधी जॉन स्नो, लंडनमधला कॉलरा पाण्याच्या पंपातून पसरतोय हे दाखवणारा डॉक्टर, त्याने क्लोरोफॉर्मच्या ५० मृत्यूंची एकेक करून माहिती जमवली होती. म्हणजे हे काही नवं खूळ नाही.

मावशी (आया), मामा (वॉर्डबॉय) आणि सिस्टर यांनाही हा कागद भरता आला पाहिजे, मराठीत, आणि नाव न लिहिता. सिलेंडर संपत आलाय हे सगळ्यात आधी मामांनाच कळतं.

भागाकार विसरू नका

घटना दहा झाल्या, ठीक, पण कितीतून? एकूण केसेस मोजणं कंटाळवाणं असतं म्हणून तेच राहून जातं. ग्रुप छोटा असेल तर महिन्याच्या शेवटी प्रत्येक ओटी रजिस्टरमधून स्पायनल, जीए, ब्लॉक (तेवढाच भाग बधिर), सिडेशन (गुंगी) एवढे चार आकडे काढा. ग्रुप मोठा असेल तर ब्रिटनच्या चौथ्या ऑडिटची युक्ती वापरा. श्वासनलिकेच्या घटना त्यांनी वर्षभर गोळा केल्या, प्रत्येक हॉस्पिटलात एक स्थानिक माणूस नेमून, पण एकूण केसेस मोजल्या फक्त दोन आठवडे आणि त्यावरून वर्षाचा अंदाज काढला, २९ लाख जीए. त्यातून गंभीर घटनेचा दर आला सुमारे २२ हजारांत एक. आपल्याकडे दोन आठवडे निवडताना लग्नसराई आणि दिवाळी टाळा, तेव्हा प्लॅन्ड केसेस पार खाली जातात.

आलेख काढायचा तर दुर्मिळ घटनांसाठी महिन्याचा टक्का काढू नका, नुसता शून्य-शून्य-एक-शून्य दिसतो. त्यापेक्षा दोन घटनांच्या मध्ये किती केसेस गेल्या ते लिहा. अवघड ट्यूबच्या आधी ९०, मग ११०, मग ८५ आणि एकदम २०, १५, १८ असं आलं तर काहीतरी बदललंय, नवा लॅरिंगोस्कोप, नवा माणूस, बॅटरी उतरलेली, काहीतरी. हे कळायला आकडेशास्त्र लागत नाही.

आणि हो, चेकलिस्टवरच्या टिका, म्हणजे बरोबरच्या खुणा. 'शंभर टक्के पालन' लिहून येईल, सगळ्या टिका एकाच पेनाने, एकाच दमात, सर्जन हात धुवायच्या आधी मारलेल्या. कागद मोजू नका, महिन्यातून एकदा कुणीतरी ओटीत उभं राहून टाइम-आउटला, म्हणजे कापायच्या आधी थांबून खात्री करायच्या वेळी, खरोखर सगळे थांबले का ते बघा.

गुप्तता आणि कोर्टाची भीती

पेशंटचं नाव, केसपेपरचा फोटो, मॉनिटरचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही म्हणजे नाही. वहीत फक्त कोड. कोड आणि नाव जुळवणारी यादी त्या-त्या हॉस्पिटलच्या कपाटात कुलपात. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आहे, आणि तो नसता तरी कुणाची बायको, कुणाची आई आहे ती.

अमेरिकेत २००५ पासून अशा सुरक्षा-नोंदींना कोर्टात संरक्षण देणारा कायदा आहे. आपल्याकडे तसं खास संरक्षण नाही, त्यामुळं लोक लिहायला घाबरतात आणि ते समजण्यासारखं आहे. सुरू करायच्या आधी एकदा वकिलाला कागद दाखवा. घटनेच्या कागदावर घडलेलं तेवढंच लिहा, 'निष्काळजीपणा', 'चूक' असे निकाल देणारे शब्द नकोत. आणि केसपेपर तो केसपेपर, त्यावर खरी वेळ आणि खरी रीडिंग, नंतर खाडाखोड अजिबात नाही. ग्रुपची वही हा केसपेपरचा पर्याय नाही आणि लपवायची जागा तर नाहीच.

मीटिंग दोन महिन्यांतून एकदा, तासभर, जेवण ठेवलं तर लोक येतात. हॉस्पिटलांची क्रमवारी लावू नका. लावली की पुढच्या महिन्यापासून खालच्या नंबरवाले नोंदी पाठवणं बंद करतात आणि मग सगळ्यात वाईट जागा सगळ्यात स्वच्छ दिसायला लागते. प्रत्येकाला त्याचा आकडा आणि ग्रुपची सरासरी एवढंच द्या. पहिल्या सहा महिन्यांत घटना वाढलेल्या दिसतील, लिहायला लागलोय म्हणून, मॅनेजमेंटला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी ट्रस्टी घाबरून वहीच बंद करायचे.

औषधाची रिॲक्शन आली तर ती ग्रुपपाशी न ठेवता फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रामला कळवा, २०१० पासून आहे, टोल-फ्री १८००-१८०-३०२४. मशीन, सर्किट, मॉनिटर यांनी दगा दिला तर त्यासाठी २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्राम आहे. एकाच बॅचचं स्पायनल चार हॉस्पिटलांत चढत नसेल तर बॅच नंबरसकट कळवा आणि उरलेली अम्प्यूल फेकू नका.

सॉफ्टवेअर कुठलं, हे सगळे पहिल्याच मीटिंगला विचारतात. पहिले सहा महिने वही किंवा पासवर्ड घातलेली एक्सेल शीट, आणि त्यात फक्त सीझर. त्या केसेस सगळीकडे होतात, भूल बहुतेक स्पायनलच असते, पेशंट तीन-चार दिवस आत असते त्यामुळं दुसऱ्या दिवशीची चौकशी राउंडला होऊन जाते. ते बसलं की ऑर्थो घ्या, मग बाकीचं.